महात्मा फुले : डाव्या हाताने पूर्ण झालेला ग्रंथ

जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत महात्मा जोतीराव फुले यांच्या आयुष्यातील जुलै १८८८ हा महिना क्वचितच येतो. त्या महिन्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. चरित्रात ही नोंद दोन-चार ओळींची असते आणि थोड्याच अंतरावर त्यांच्या निधनाची नोंद येते. या दोन नोंदींच्या मध्ये दोन वर्षे आणि चार महिन्यांचा काळ आहे. याच काळात जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा आपला अखेरचा ग्रंथ १ एप्रिल १८८९ रोजी पूर्ण केला.

ही घटना आजवर प्रामुख्याने जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली गेली. जिद्द होतीच. परंतु आघातानंतर मेंदूतील पेशींचे काय होते, वय वाढले म्हणजे त्या कितपत बदलतात आणि उतारवयात नवे कौशल्य शिकता येते का, या प्रश्नांवर गेल्या सव्वाशे वर्षांत जे ज्ञान जमा झाले, त्याच्या प्रकाशात जोतीरावांचा तो काळ नव्याने समजून घेता येतो. पक्षाघात झालेल्या माणसाला घराच्या कोपऱ्यात खाट टाकून देण्याची रीत जेथे अजून पुरती सुटलेली नाही, अशा नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तर त्याची गरज अधिक आहे.

कमावलेले शरीर, कमावलेली बुद्धी

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी पुण्यात झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायामुळे फुले हे नाव रूढ झाले. वडील गोविंदराव, आई चिमणाबाई. जोतीराव तान्हे असतानाच आई निवर्तली आणि सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांचा सांभाळ केला. १८४० मध्ये नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला. प्राथमिक शिक्षणात खंड पडला होता, तो १८४१ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेत प्रवेश घेतल्यावर भरून निघाला. त्याच तरुण वयात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत त्यांनी कुस्ती आणि दांडपट्ट्याचे धडे घेतले. शरीर कसलेले होते आणि वाचनाची भूकही तेवढीच मोठी होती.

पुढील चाळीस वर्षांत या शरीराने आणि बुद्धीने उसंत घेतली नाही. १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शिकवण्यासाठी शिक्षिका मिळेना, तेव्हा सावित्रीबाई स्वतः उभ्या राहिल्या. या कामापायी १८४९ मध्ये दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी शाळा निघाल्या. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले आणि १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद सर्वांसाठी खुला करण्यात आला. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली आणि १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे उघड केली. हे सारे चालू असताना बांधकामाची कंत्राटेही त्यांनी घेतली होती. उत्पन्नाचा मोठा वाटा लोककार्यात खर्च होत असे.

११ मे १८८८ रोजी मुंबईतील जाहीर सभेत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली. त्यानंतर दोनच महिन्यांनी पक्षाघाताने त्यांना गाठले. त्या वेळी त्यांचे वय एकसष्ट वर्षांचे होते.

उजवी बाजू, डावा मेंदू

पक्षाघाताला ग्रामीण महाराष्ट्रात लकवा म्हणतात, अंगावरून वारे गेले असेही म्हणतात. प्रत्यक्षात या आजाराचा उगम हातात नसतो, पायात नसतो आणि वाऱ्यातही नसतो. तो मेंदूतील रक्तवाहिनीत असतो. रक्ताची गुठळी अडकून वाहिनी बंद होते किंवा वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. मेंदूकडून शरीराकडे जाणारे हालचालींचे बहुतांश तंतू मानेच्या वर, मेंदूच्या तळाशी एका बाजूकडून दुसरीकडे ओलांडून जातात. म्हणून शरीराची उजवी बाजू लुळी पडते, तेव्हा इजा बहुधा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाला झालेली असते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते, परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळपास वीस टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. हृदयाच्या किंवा हातापायांच्या स्नायूंप्रमाणे त्याच्याजवळ इंधनाचा साठा नसतो. रक्तपुरवठा थांबला की काही मिनिटांत चेतापेशींची ऊर्जा संपते. पेशीच्या आवरणावरील क्षारांची ने-आण करणारी यंत्रणा बंद पडते, पेशी फुगते आणि एरवी निरोप पोहोचवण्याच्या कामी येणारी रसायने नको तेवढ्या प्रमाणात बाहेर पडून शेजारच्या पेशींनाही मारू लागतात. मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडण्यात आला.

इजेच्या मध्यभागातील पेशी लवकर मरतात. त्यांच्याभोवती मात्र अर्धमेल्या पेशींचे एक कडे असते. तेथे थोडेफार रक्त पोहोचत असते, त्यामुळे पेशी काम थांबवतात पण जिवंत राहतात. रक्तप्रवाह वेळेत सुरू झाला तर त्या वाचतात. पुढील दिवसांत मेंदूतील साफसफाई करणाऱ्या सूक्ष्म पेशी मृत पेशींचे अवशेष उचलतात, तर आधार देणाऱ्या ताराकृती पेशी इजेभोवती व्रणाची भिंत उभारतात. ही भिंत निरोगी भागाचे रक्षण करते, पण तुटलेल्या तंतूंना पुन्हा वाढण्यास अडथळाही करते. मेलेल्या चेतापेशींच्या जागी तशाच नव्या पेशी उभ्या राहत नाहीत.

मेंदूच्या डाव्या भागाला झालेल्या इजेत आणखी एक मोठा धोका असतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेक माणसांत भाषेची केंद्रे याच बाजूला असतात. पॅरिसचे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूची तपासणी करून हा संबंध दाखवून दिला होता. उजवी बाजू लुळी पडलेल्या अनेक रुग्णांची वाचा जाते किंवा शब्द आठवेनासे होतात. जोतीरावांची भाषा मात्र शाबूत होती, याचा पुरावा म्हणजे झटक्यानंतर त्यांनी सिद्ध केलेला ग्रंथ. प्रश्नोत्तरांच्या रूपातील ही मांडणी प्रतिपक्षाची शंका मनात धरून, तिचे उत्तर क्रमाने रचत पुढे जाते. भाषेची केंद्रे निकामी झालेल्या माणसाकडून असे लेखन होणे अशक्य होते.

डॉक्टर घोले यांचे उपचार

जोतीरावांवर त्यांचे स्नेही आणि सत्यशोधक समाजातील सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. घोले हे त्या काळातील नामवंत शल्यचिकित्सक होते. परंतु १८८८ मधील वैद्यकाच्या हाती साधने फारच तुटपुंजी होती. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन १८९६ मध्ये इटलीत तयार झाले. मेंदूच्या आतील इजा जिवंत माणसात पाहू देणारे सीटी स्कॅन यंत्र १९७१ मध्ये प्रथम वापरले गेले आणि गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला पक्षाघातासाठी अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. नाडी, जीभ, डोळे आणि हातापायांतील ताकद पाहून निदान करावयाचे, पथ्यपाणी व शुश्रूषा सांगावयाची आणि वाट पाहावयाची, एवढाच मार्ग घोले यांच्यासमोर होता.

त्या उपचारांनी आणि घरच्या शुश्रूषेने जोतीरावांची प्रकृती काही महिन्यांत सुधारली. उजवा हात मात्र लिहिण्याजोगा झाला नाही.

प्रकृतीतील अशा सुधारणेमागील कारणे आज अधिक स्पष्ट आहेत. झटक्यानंतर मेंदूला आलेली सूज ओसरते. इजेपासून दूर असलेले, पण धक्क्याने मूक झालेले भाग पुन्हा काम करू लागतात. याहून महत्त्वाचे म्हणजे इजेच्या कडेच्या जिवंत चेतापेशींना नवे फाटे फुटतात आणि त्या नव्या जोडण्या करतात. पहिले तीन महिने या घडामोडींचा वेग सर्वाधिक असतो. त्यानंतर तो मंदावतो, पण पूर्णपणे थांबत नाही.

उतारवयातील पेशी

एकसष्टाव्या वर्षी माणसाने नव्या हाताने अक्षर गिरवावे, हे त्या काळी अनेकांना अशक्यप्राय वाटले असते. म्हातारपणी मेंदूतील पेशी रोज हजारोंनी गळतात आणि शिकणे संपते, ही समजूत विसाव्या शतकातही दीर्घकाळ टिकून होती. पेशी मोजण्याच्या सुधारित पद्धती आल्यावर तिला तडा गेला. डेन्मार्कमधील संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार, विसाव्या वर्षापासून नव्वदाव्या वर्षापर्यंत मेंदूच्या बाह्य थरातील चेतापेशी सुमारे दहा टक्क्यांनीच कमी होतात. बहुतेक चेतापेशी माणसाच्या जन्मापासून मृत्यूपर्यंत त्याच्या सोबतीला असतात.

म्हणजे वयाचा परिणाम होत नाही असे नव्हे. तो पेशींच्या संख्येपेक्षा त्यांच्या रचनेवर अधिक होतो. चेतापेशींना झाडाच्या फांद्यांसारखे फाटे असतात आणि त्या फाट्यांवर इतर पेशींचे निरोप घेणारे बारीक काटे असतात. वयानुसार मेंदूच्या काही भागांत हे काटे विरळ होतात. लांब तंतूंवरील मेदाचे वेष्टन जागोजागी झिजते, त्यामुळे निरोप संथ पोहोचतात. पेशींच्या आत तपकिरी रंगाचा जुना कचरा साठत जातो. रक्तवाहिन्या कडक होतात आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. उतारवयात नाव चटकन आठवत नाही, हालचाल मंदावते, एकाच वेळी दोन कामे जमत नाहीत, याची कारणे या बदलांत आहेत. परंतु शब्दसंपत्ती, अनुभवातून आलेले ज्ञान आणि विचारांची जुळणी निरोगी वृद्धांत दीर्घकाळ टिकून राहते. वृद्धत्व आणि स्मृतिभ्रंशाचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जोतीरावांच्या बाबतीत हाच फरक महत्त्वाचा ठरला. चाळीस वर्षांच्या वाचनाने, वादविवादाने आणि लोकसंपर्काने घडलेली विचारांची बैठक झटक्यानंतरही त्यांच्यापाशी होती. गमावले होते ते तिला कागदावर उतरवणारे साधन.

डावा हात

पक्षाघातानंतर रुग्णापुढे दोन वाटा असतात. पहिली वाट लुळ्या पडलेल्या अवयवाला पुन्हा कामाला लावण्याची, दुसरी वाट शाबूत अवयवाकडून ते काम करून घेण्याची. पहिल्या वाटेला मर्यादा आल्यावर जोतीरावांनी दुसरी वाट धरली. डाव्या हाताचे नियंत्रण मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाकडे असते आणि तो भाग सुरक्षित होता. पण त्या भागाने आयुष्यात लेखणी चालवली नव्हती.

येथे मेंदूचा एक विशेष कामी येतो. अक्षराचे वळण केवळ हाताच्या स्नायूंत साठवलेले नसते. माणूस कागदावर लेखणीने, भिंतीवर कोळशाने किंवा वाळूत पायाच्या बोटाने लिहितो, तेव्हाही त्याच्या अक्षराची धाटणी ओळखू येते. अक्षराचा आराखडा मेंदूत असतो आणि कोणत्याही अवयवाला तो वापरता येतो. आराखडा असला तरी नव्या हाताची बोटे तो लगेच गिरवू शकत नाहीत. लेखणी किती दाबावयाची, कोठे वळवावयाची, ओळ सरळ कशी ठेवावयाची, हे मुळाक्षरे शिकणाऱ्या मुलाप्रमाणे पुन्हा शिकावे लागते. प्रत्येक प्रयत्नात हालचालींच्या केंद्रातील ठरावीक जोडण्या बळकट होतात, निरुपयोगी जोडण्या मागे पडतात. २००९ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत नवे कौशल्य शिकू लागल्यानंतर काही तासांतच संबंधित पेशींच्या फाट्यांवर नवे काटे उगवल्याचे दिसले. सराव चालू राहिला तर त्यांतील काही कायमचे टिकतात.

या मार्गाने जोतीरावांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून काढले. निर्मिकाने निर्माण केलेली सर्व माणसे, स्त्री आणि पुरुष, समान हक्कांची आहेत, कोणत्याही ग्रंथाच्या आधारे एका माणसाला दुसऱ्यावर वर्चस्व गाजवता येणार नाही आणि एकाच घरात निरनिराळ्या धर्मांची माणसे प्रेमाने नांदू शकतात, असा व्यापक विचार त्यांनी त्यात मांडला. सत्याने वागणाऱ्या माणसाचे नियमही त्यात सांगितले आहेत. जन्म, विवाह, मृत्यू या प्रसंगी भटजीशिवाय विधी कसे करावेत, याचाही विचार आहे. सत्यशोधक समाजाचा सारा तात्त्विक पाया या एका ग्रंथात एकत्र आला. जुलै १८८८ मध्ये जोतीरावांची लेखणी कायमची थांबली असती, तर तो या स्वरूपात मराठी माणसाच्या हाती आला नसता.

घरची आणि बाहेरची माणसे

एकट्या मेंदूचे हे काम नव्हते. सावित्रीबाई घर, पाहुणे, औषधपाणी आणि समाजाचे काम एकहाती सांभाळत होत्या. बालहत्या प्रतिबंधक गृहात जन्मलेल्या आणि फुले दांपत्याने दत्तक घेतलेल्या यशवंतचा विवाह फेब्रुवारी १८८९ मध्ये, म्हणजे ग्रंथ पूर्ण होण्याच्या दोन महिने आधी, सत्यशोधक पद्धतीने झाला. ग्यानोबा ससाणे यांची कन्या सून म्हणून घरात आली. घरात माणसांचा राबता होता आणि आजारी माणसाच्या मताला किंमत होती.

पैशांची अडचण मात्र मोठी होती. आयुष्यभर मिळवलेले लोककार्यात गेले होते आणि आजारपणाने उरलीसुरली मिळकतही थांबली. मामा परमानंद यांनी १८९० मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना पत्र लिहून जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या कार्याची महती कळवली व साहाय्याची विनंती केली. आजारी माणसाचे काम चालू राहावे यासाठी त्याच्या उपचाराची, पोटाची आणि मानाची काळजी कोणीतरी वाहावी लागते, याची जाण त्या मित्रमंडळींना होती.

आजच्या पुनर्वसन वैद्यकाचा अनुभवही हाच आहे. १९९६ मध्ये माकडांवर झालेल्या एका प्रयोगात हाताच्या केंद्राला लहानशी इजा केल्यावर, सराव न मिळालेल्या माकडांच्या मेंदूत इजेशेजारचा हाताचा शाबूत प्रदेशही आक्रसत गेला. ज्यांच्याकडून लुळ्या हाताने दाणे उचलण्याचा रोज सराव करून घेतला, त्यांच्यात तो टिकला. न वापरलेला अवयव मेंदू विसरू लागतो. रुग्णाला सतत भरवणे आणि उचलून फिरवणे ही माया असली तरी त्याच्या मेंदूला तिचा तोटा होतो. त्याच्या आवडीचे, त्याच्या दृष्टीने अर्थ असलेले काम त्याच्यापुढे ठेवले तर सराव अधिक होतो आणि अधिक काळ चालतो. जोतीरावांसमोर त्यांचा ग्रंथ होता.

त्याच वर्षी बार्सिलोनात

जोतीराव पुण्यात आजारी पडले, त्याच १८८८ या वर्षी मे महिन्यात स्पेनमधील बार्सिलोना येथे सांतियागो रामोन इ काहाल या शास्त्रज्ञाने आपला एक निबंध स्वखर्चाने काढलेल्या नियतकालिकात छापला. मेंदू म्हणजे एकमेकांत विरघळलेल्या तंतूंचे अखंड जाळे आहे, हा तेव्हाचा प्रबळ मतप्रवाह होता. पक्ष्यांच्या मेंदूच्या पातळ कापांना चांदीच्या क्षारांनी रंगवून काहाल यांनी दाखवले की चेतापेशी सुट्या, स्वतंत्र आहेत आणि त्या एकमेकींना भिडून निरोप देतात. १८९० मध्ये, जोतीरावांच्या निधनाच्या वर्षी, अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी सवयींचा संबंध मेंदूच्या घडणशीलतेशी जोडला. १८९१ मध्ये जर्मनीतील शरीरशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी चेतापेशीला न्यूरॉन हे नाव दिले. त्याच वर्षी पुण्यात जोतीरावांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

पुढे खुद्द काहाल यांनीच प्रौढ मेंदूतील मार्ग कायमचे ठरून गेलेले असतात, असे मत आपल्या १९१३-१४ मधील ग्रंथात नोंदवले आणि अनेक दशके ते प्रमाण मानले गेले. मेलेल्या पेशींच्या बाबतीत ते बरेचसे खरे ठरले. जिवंत उरलेल्या पेशींच्या बाबतीत ते अपुरे होते. उरलेल्या पेशी नव्या वाटा काढतात, हे मान्य होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. १८८९ च्या एप्रिलमध्ये पुण्यातील एका घरात त्याचे उदाहरण कागदावर उतरलेले होते.

अखेर

२८ नोव्हेंबर १८९० रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी जोतीरावांचे निधन झाले. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा, अशी इच्छा त्यांनी १८८७ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात नोंदवली होती. परवानगी न मिळाल्याने दहन करावे लागले. दत्तकपुत्राच्या अधिकारावरून भाऊबंदांनी वाद उपस्थित केला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेऊन अंत्ययात्रेच्या पुढे चालत अग्नी दिला. यशवंतरावांनी १८९१ मध्ये वडिलांचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे ते डॉक्टर झाले. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले.

सातपुड्याच्या पायथ्याशी

जोतीरावांच्या हयातीत नंदुरबार हा तेव्हाच्या खानदेश जिल्ह्यातील एक तालुका होता. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन तो स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख असून त्यातील जवळपास ६९ टक्के आदिवासी आहेत. जोतीरावांचा वारसा येथे दोन रूपांत आढळतो. वनजमिनीच्या हक्कासाठी धुळे-नंदुरबार पट्ट्यात लढणाऱ्या संघटनांनी सत्यशोधक हा शब्द आपल्या नावात घेतला. आणि राज्य शासनाच्या आरोग्य योजनेला २०१७ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देण्यात आले. स्वतःच्या आजारपणात पैशांची चणचण सोसलेल्या माणसाच्या नावाने गरीब रुग्णांवर विनामूल्य उपचार व्हावेत, हा योग औचित्याचा आहे.

अडचण अंतराची आहे. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात ती विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील दुर्गम पाड्यांवरून रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याचे प्रसंग वारंवार समोर आले आहेत. नर्मदाकाठच्या काही गावांना तर होडीशिवाय वाट नाही. त्यातच भगताकडे किंवा लकवा उतरवणाऱ्याकडे गेलेला वेळ परत मिळत नाही. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात किंवा पाय अचानक गळून जाणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला बोलावणे आणि झटका कधी आला ती वेळ ध्यानात ठेवणे, एवढे प्रत्येक घराला करता येण्यासारखे आहे.

जिल्ह्यात सिकलसेल आजाराचे रुग्ण लक्षणीय आहेत. या आजारात कोयत्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लहान वयातही पक्षाघात होऊ शकतो. म्हणून येथे पक्षाघात हा केवळ म्हाताऱ्यांचा आजार मानून चालत नाही. सिकलसेलग्रस्त मुलाचा हात अचानक लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर त्याला विलंब न लावता रुग्णालयात नेले पाहिजे.

आणि झटका येऊन गेल्यावरही उपचार संपत नाहीत. रक्तदाबाची गोळी नियमित घेणे, तंबाखू सोडणे, व्यायामोपचार तज्ज्ञाने सांगितलेला सराव रोज करणे, हे पुढील कित्येक महिने चालवावे लागते. शेतकऱ्याच्या हाती विळा, कुंभाराच्या हाती माती, विणकराच्या हाती दोरा आणि शिक्षकाच्या हाती खडू पुन्हा देऊन पाहावा लागतो. उजवा हात चालत नसेल तर डाव्या हाती द्यावा लागतो. पुण्याच्या गंज पेठेतील फुले वाडा आज स्मारक म्हणून जपला जातो. तेथे जाणारा प्रत्येक जण स्त्रीशिक्षणाची आणि समतेची आठवण घेऊन परततो. घरात पक्षाघाताचा रुग्ण असलेल्याने तेथून डाव्या हाताने लिहिलेल्या त्या पानांची आठवणही सोबत आणावी.